नर, पिल्लासह

बाबांच्या अंगावर केस फक्त मिशीत आहेत. बाकी सगळा माणूस सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. हे मी कुचेष्टेने सांगत नाहीये. तसं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि मी आज एका संग्रहालयात अर्धा टांगलेला नसतो.

माझी ताई माणसांना दुसरं काहीतरी बनवते. हाच तिचा धंदा. रबराच्या झाडाचा पांढरा चीक बाटलीत मिळतो, त्याला लेटेक्स म्हणतात. तो स्पंजने अंगावर थापायचा, वाळू द्यायचा, परत थापायचा. ओला असताना दुधासारखा दिसतो आणि मुतारीसारखा वास मारतो. वाळला की वास जातो आणि माणसाला नवी कातडी येते. त्या कातडीवर ताई खवले काढते, शिरा काढते, चामखिळी काढते. आजवर तिने भुतं केली, मगरी केल्या, आणि दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीसाठी एक किडलेली दाढ केली. दाढ मी होतो. लोकांनी ओळखलं.

ताईला मात्र पार्ट्यांमधली भुतं करायचा कंटाळा आला होता. तिला शहरातल्या प्राणी संग्रहालयाच्या कार्यशाळेत नोकरी हवी होती. जिवंत प्राण्यांचं नव्हे, काचेतल्या प्राण्यांचं संग्रहालय. तिथे एक जागा रिकामी होती. तिच्यावर ताईचा डोळा चार वर्षं होता, म्हणजे तिथला जुना माणूस निवृत्त व्हायच्या आधीपासूनच. शेवटी संचालकबाईंनी तिला बोलावलं आणि सांगितलं, "येत्या शनिवारी शाळेची मुलं येणार आहेत. बेडकांच्या दालनात मला दोन जिवंत बेडूक करून दाखवा. अकरा ते एक. मग बघू."

ताई घरी आली ती जमिनीपासून थोडी वरूनच चालत. रात्रभर चित्रं काढली. एक मोठा बेडूक लाकडाच्या ओंडक्यावर, एक लहान बेडूक दगडावर. लहान बेडूक मी, हे कुणी मला विचारलंच नाही. मी घरून काम करतो, आणि आमच्या घरात घरून काम करणारा माणूस सार्वजनिक मालमत्ता समजला जातो.

मोठा बेडूक म्हणून माझा एक मित्र बसणार होता. पण ताईचा नियम आहे, आधी कोपराच्या आत रुपयाएवढा चीक लावून एक दिवस थांबायचं. काहींच्या अंगाला तो चालत नाही. मित्राच्या अंगाला चालला नाही. गुरुवारी सकाळी त्याच्या कोपराला आणखी एक कोपर आलं.

"आता गुळगुळीत माणूस कुठून आणू?" ताई टेबलावर डोकं ठेवून म्हणाली. "केसाळ माणूस चालत नाही रे. काढताना लेटेक्सबरोबर केस येतात, केसांबरोबर माणूस येतो."

बाबा समोर पेपर वाचत होते. बनियनवर. आम्ही दोघांनी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहिलं.

बाबांबद्दल एवढंच सांगतो की ते वाहन चालवण्याची परीक्षा घेतात. तीस वर्षं झाली. परीक्षा घेताना घड्याळ आणि आरसा सोडून ते कशाकडे प्रेमाने बघत नाहीत. ताईला त्यांनी तीनदा नापास केलं, मला पाचदा. घरात शिफारस चालत नाही म्हणतात, पण आमच्याकडे ती उलटी चालते. नापास झालेल्या माणसाच्या कागदावर ते एकच वाक्य लिहितात, 'पुन्हा तयारी करून यावे.' माझ्याकडे असे पाच कागद आहेत. अक्षर फार सुरेख.

"मला काय करावं लागेल?" पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं.

"ओंडक्यावर बसायचं, बाबा."

"किती वेळ?"

"दोन तास."

"तीस वर्षं मी लोकांच्या शेजारी बसतोय. बसणं मला जमतं." मग पेपर खाली आला. "मिशी काढणार नाही."

"बेडकाला मिशी नसते हो बाबा!"

"या बेडकाला आहे."

त्यांच्या कोपराला चीक लावला. शुक्रवारी संध्याकाळी पाहिलं तर कोपर स्वच्छ. "पास झालात," ताई म्हणाली.

"पहिल्या प्रयत्नात," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

शनिवारी सकाळी सातला आम्ही संग्रहालयाच्या मागच्या दारात उभे होतो. आई कामावर गेली होती. आई बरोबर असती तर ही गोष्ट सांगण्यासारखी झालीच नसती. दारात एक वयस्कर गृहस्थ उभे होते, हातात पिसांची झटकणी. तिथली सगळी देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आम्ही त्यांना झटकणीकाका म्हणू लागलो. त्यांनी ताईची पेटी उघडून एकेक वस्तू बघितली. स्पंज चालले, रंग चालले, चिकाच्या बाटल्या हुंगून त्यांनी तोंड वाकडं केलं पण चालल्या. मग पावडरचा डबा निघाला.

"हे काय?"

"पावडर आहे काका. अंगाला लावायची साधी पावडर."

"म्हणजे धूळ."

"धूळ नाही, पावडर."

"सुगंधी धूळ," काका म्हणाले. "आत दोनशे वर्षांचा देवमासा आहे. त्याच्या फासळ्यांवर मी एक कण बसू देत नाही. डबा इथे राहील. जाताना घेऊन जा."

आता इथे मला लेटेक्सबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. वाळलेलं लेटेक्स कपड्याला चिकटत नाही, लाकडाला चिकटत नाही, भिंतीला चिकटत नाही. ते फक्त लेटेक्सला चिकटतं. आणि असं चिकटतं की जणू लहानपणी हरवलेला भाऊ भेटला. म्हणून शेवटचा थर वाळला की त्यावर पावडर लावतात. पावडर लावली की ओळख मिटते.

हे जगात कुणाला माहीत असेल तर ताईला. दुसरा कुठला दिवस असता तर तिने काकांना तिथेच उभं करून तासभर समजावलं असतं, झटकणीसकट. पण त्या दिवशी तिला नोकरी हवी होती. आणि नोकरी हवी असलेला माणूस फार समंजस असतो.

"हो हो, काही हरकत नाही," ताई गोड हसून म्हणाली. मी तिला सव्वीस वर्षं ओळखतो. ते हसू मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आतल्या खोलीत आम्हाला हिरव्या अर्ध्या चड्ड्यांवर उभं केलं आणि ताईने कामाला सुरुवात केली. चीक बर्फासारखा गार असतो. पहिला स्पंज पाठीला लागला तेव्हा बाबांच्या तोंडून एक असा आवाज निघाला की मला वाटलं, बेडूक आधीच झाले. माझी छाती ताईने आदल्या रात्री तासून घेतली होती, त्यामुळे मला चीक आणि अपमान दोन्ही गार लागत होते. एक थर, पंख्याखाली उभं राहायचं, दुसरा थर. बाबांच्या पाठीवर उजवीकडे एक मोठा तीळ आहे, तो चार थरांखालीही टेकडीसारखा दिसत राहिला. ताईने त्याच्या आजूबाजूला वीसेक खोट्या चामखिळी केल्या आणि तो त्यांच्यात बेमालूम मिसळून गेला. मिशीभोवतीचा भाग तिने मोकळा सोडला.

साडेदहाला आम्ही तयार झालो. खरं सांगतो, मी बाबांकडे बघितलं आणि दचकलो. ओलसर चकचकीत पाठ, गळ्याखाली पिवळट झोळ, बोटांमध्ये पडदे. एवढा सुंदर बेडूक मी पाहिला नव्हता. मिशीसुद्धा शोभत होती. ताई चार पावलं मागे सरकून बघत राहिली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मी ठरवलं की आज विनोद करायचा नाही. ते दोन मिनिटं टिकलं.

"आता नीट ऐका," ताई म्हणाली. "पावडर नाहीये. हात अंगापासून लांब ठेवायचे. बोटं फाकवून. मांडी मांडीला लावायची नाही. स्वतःला हात लावायचा नाही. एकमेकांना तर अजिबात नाही."

"त्याची काळजी करू नकोस," मी म्हटलं. "आम्ही एकमेकांना शेवटचा हात लावला तो मी दुसरीत असताना. पाठीत."

"पाढे येत नव्हते," बाबा म्हणाले.

अकरा वाजता मुलं आली. चाळीस मुलं, दोन शिक्षिका. बाबा ओंडक्यावर, मी दगडावर, मध्ये दोन हातांचं अंतर. दोघेही कपडे वाळत घातल्यासारखे हात पसरून. पहिली दहा मिनिटं मुलं नुसती बघत राहिली. मग एका दात पडलेल्या मुलीने बाबांना विचारलं, "तुम्हाला मिशी का आहे?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. तीस वर्षांत सवयच गेली. "ती माझी आहे," ते म्हणाले.

मुलीला ते पटलं. मुलांना खरं उत्तर लगेच ओळखू येतं. त्यानंतर बाबांसमोर रांग लागली. बेडूक काय खातात? झोपतात कुठे? पोहताना श्वास कसा घेतात? बाबांनी रात्री पुस्तक वाचून तयारी केली होती, हे मला तेव्हा कळलं. ते प्रत्येकाला उत्तर देत होते, आणि उत्तरानंतर "आता तू सांग" म्हणून परत विचारत होते. दोन मुलं नापास झाली. माझ्यासमोर एकच पोरगा उभा होता, तोही माझ्या दगडावर नाव कोरण्याचा प्रयत्न करत होता.

बारा वाजता ताईने दारातून मला अंगठा दाखवला. सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे आता बिघडायचंच बाकी होतं.

"तुम्हाला खरी उडी मारता येते का?" त्याच मुलीने विचारलं.

आता बसण्याचा अनुभव असलेल्या माणसाने इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर मी एक नवीन गोष्ट पाहिली. मजा. त्यांना मजा येत होती. त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, सवयीप्रमाणे. मग ओंडक्यावर उकिडवे बसले आणि उडी घेतली.

ओंडका खोटा होता, आतून पोकळ. तो मागे गेला, बाबा पुढे गेले, आणि मधल्या हवेत त्यांचे दोन्ही हात एखाद्या सूचनाफलकासारखे आडवे पसरलेले. अंगाला हात लावायचा नाही, हा नियम ते पडतानासुद्धा पाळत होते. मी विचार केला नाही. दगडावरून झेप घेतली आणि त्यांना मागून घट्ट मिठी मारली.

आम्ही पडलो नाही. एवढं एक चांगलं झालं.

"सोड आता," बाबा म्हणाले.

"सोडलंय."

"मग?"

"सोडलंय, पण आहे."

माझी छाती त्यांच्या पाठीला, माझे दोन्ही हात त्यांच्या पोटावर. मी मागे झुकलो तर बाबांची पाठ माझ्याबरोबर आली, आणि पाठीमागून बाबा आले. मग दात पडलेली मुलगी आनंदाने ओरडली, "त्याने पिल्लू पाठीवर घेतलं!"

आणि नेमक्या त्याच क्षणी संचालकबाई आत आल्या. बारीक अंगकाठी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आयुष्याचा बराचसा भाग त्यांनी गुडघाभर पाण्यात बेडकांमागे घालवला आहे असं म्हणतात. त्यांनी चष्मा लावला. आमच्याभोवती एक फेरी मारली. बाबांच्या चामखिळींकडे वाकून पाहिलं, तिळाकडे जरा जास्तच.

"नर आहे का हा?"

"हो," बाबा म्हणाले.

"काही जातींत नरच पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडतो," बाई मुलांना म्हणाल्या. मग ताईकडे वळल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. तुम्ही हे मुद्दाम दाखवलंत?"

'हो' म्हणायचं होतं फक्त. एक अक्षर. मी ताईकडे बघून डोळे एवढे मोठे केले की कपाळाचं लेटेक्स तडकलं. चार वर्षं त्या जागेवर डोळा होता तिचा. म्हण ना, म्हण.

ताईने बाबांकडे बघितलं. ते परीक्षा घेताना बसतात तसे, समोर बघत उभे होते.

"नाही," ताई म्हणाली. "चिकटलेत ते. शेवटी पावडर लावावी लागते, ती मी लावली नाही. डबा दारात ठेवून घेतला, आणि मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं."

झटकणीकाका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी झटकणी पाठीमागे लपवली.

बाईंनी चष्मा काढला. "अच्छा. मग सोडवणार कसं?"

"ओढून नाही. लेटेक्स लेटेक्सपासून आता सुटणार नाही, फाटेल. पण माणसापासून सुटेल." ताईचा आवाज हळूहळू तिचा नेहमीचा झाला, घरातला, हुकूम सोडणारा. "आतून घाम आला की ते कातडीवरून उचललं जातं. बाबा, तुम्हाला घाम कशाने येतो?"

"मला येत नाही."

"तुझी परीक्षा घेताना येतो त्यांना," मी म्हटलं.

"मुलांनो," ताई म्हणाली, "बेडकाच्या मागे रांग करा. सगळ्यांनी उड्या मारायच्या. बेडूक पुढे!"

पुढची वीस मिनिटं मी बाबांच्या पाठीवर होतो. हे वाक्य लहानपणीच्या आठवणींत शोभलं असतं, पण मी सव्वीस वर्षांचा आहे आणि माझे पाय जमिनीला लागत होते. बाबा उकिडवे होऊन छोट्या छोट्या उड्या मारत होते, मी मागून पायांनी ढकलत होतो, आणि मागे चाळीस मुलं, दोन शिक्षिका, डराव डराव. देवमाशाच्या सांगाड्याला आम्ही तीन फेऱ्या मारल्या. वळणावर बाबा हात बाहेर काढून इशारा देत होते.

"जड झालास रे," दुसऱ्या फेरीला ते धापा टाकत म्हणाले.

"उतरू का?"

"गप बस. चांगलं धर."

तिसऱ्या फेरीला मला माझ्या छातीवरून काहीतरी कोमट खाली ओघळल्यासारखं वाटलं. "आला!" मी ओरडलो. ताईने आम्हाला दालनाच्या मधोमध बसवलं, कोमट साबणाच्या पाण्याची बादली घेतली, आणि बाबांच्या मानेपाशी कडेतून एक बोट आत सरकवलं. मग दुसरं. पुढे ओला स्पंज, मागे बोट. तिला घाई नव्हती. मुलं तिच्याभोवती मांडी घालून बसली होती. एवढी शांतता होती की साबणाचे बुडबुडे फुटलेले ऐकू येत होते. बाई तिच्या अगदी खांद्याजवळ वाकल्या होत्या, आणि त्या बेडकाकडे बघत नव्हत्या. त्या ताईच्या बोटांकडे बघत होत्या.

पाऊण तास लागला. आधी बाबा बाहेर आले, मग मी. दोघे लालबुंद, सुरकुतलेले, नुकतेच जन्मल्यासारखे. आणि ताईच्या हातात एकच मोठा हिरवा तुकडा होता, एका बाजूला बाबांची पाठ, दुसऱ्या बाजूला माझी छाती, कुठेही न फाटलेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"कार्यशाळेत एक कपाट आहे," बाई म्हणाल्या. "आधीच्या गृहस्थांनी रबराचे साप करून ठेवले होते त्यात. बारा. पावडर न लावता." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आता तो एकच साप आहे. बारा तोंडांचा. सगळ्यांनी ओढून बघितलं, कुणाला जमलं नाही. तुम्ही सोमवारी याल?"

ताई नुसती होकाराची मान हलवत राहिली, आणि हातातल्या तुकड्याने डोळे पुसायला गेली. काकांनी धावत येऊन फडकं दिलं. दुसऱ्या हातात पावडरचा डबा होता.

घरी जाताना गाडी ताईने चालवली. चौथ्यांदा दुसरे परीक्षक होते, त्यामुळे तिच्याकडे परवाना आहे. बाबा शेजारी बसले होते, कानामागे हिरवं काहीतरी चिकटलेलं. तीन चौक गेले तरी त्यांनी एकही चूक काढली नाही, तेव्हा मला वाटलं तब्येत बिघडली. चौथ्या चौकात म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस." आणि पाचव्यात, "इशारा उशिरा दिलास."

तो तुकडा आता कार्यशाळेच्या भिंतीवर टांगला आहे, दोन्ही बाजूंनी व्यवस्थित पावडर लावून. खाली ताईने पुठ्ठ्यावर लिहिलं आहे, 'नर, पिल्लासह.' तेरा दिवसांनी बाबा तिला जेवणाचा डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ जवळ उभे राहिले. एका चामखिळीवर बोट ठेवून झटकणीकाकांना म्हणाले, "ही खरी आहे. तीळ आहे माझा." मग खिशातून पेन काढलं आणि पुठ्ठ्यावर, ताईच्या अक्षराखाली, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात आणखी एक ओळ लिहिली.

मी परवा जाऊन वाचून आलो. 'पिल्लू: वय सव्वीस. धरतो चांगलं. बाकी विषयांत पुन्हा तयारी करून यावे.'